गाडीच्या नव्या टेपमधली शिट्टी

आमच्या गाडीत बसवलेला नवा टेप चांगला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्याला बरीच नावं ठेवणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की दोष त्याचा होता. दोष वडिलांच्या डाव्या कानात होता. कानाच्या आत खोल, जिथून नस मेंदूकडे जाते तिथे, एक गाठ वाढत होती. ती वाढत होती तेव्हा आम्ही नाना पेठेत टेपवाल्याशी भांडत होतो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी.

मी भांडकुदळ आहे. रिक्षावाला, बँकेतला कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी, मला कोणीही चालतो. आई म्हणायची, हिला सकाळी एक भांडण मिळालं की चहा नाही दिला तरी चालतो. त्या दिवसांत माझी नोकरीही तसलीच होती. हिंजवडीत नव्यानेच उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत मी टेस्टिंगला होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या पदरात घालायच्या, हे माझं काम. प्रोग्रॅम लिहिणारी मुलं मला लांबून बघून कॅन्टीनचा रस्ता बदलायची. पण एक गोष्ट तीही कबूल करायची. मी स्वतः न पाहिलेली चूक कधी लिहीत नसे. कोणी म्हणालं, अमुक बटण दाबल्यावर बंद पडतं गं, तर मी आधी ते बटण स्वतः दाबून बघायचे. बंद पडलं तर लिहायचं, नाही पडलं तर नाही. हा माझा नियम मी एकदाच मोडला, आणि तोही ऑफिसात नाही.

वडिलांबद्दल सांगायला हवं. ते भोसरीच्या एका कारखान्यात गिअर तपासायचे. गिअरची जोडी यंत्रावर फिरवायची, डोळे मिटायचे, आणि आवाजावरून सांगायचं, पास का नापास. तीस वर्षं त्यांच्या कानावर आमचं घर चाललं. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत त्या कानाची ख्याती होती. खाली कोणी स्कूटर सुरू केली की वडील गॅलरीतूनच सांगायचे, चेन सैल झालीय हो. मिक्सर लावला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचे, याचं बेअरिंग दिवाळी बघणार नाही. आणि खरंच दिवाळीच्या चकल्यांची भाजणी त्या वर्षी शेजारच्या मिक्सरवर काढावी लागली. घरात एक गोष्ट ठरूनच गेली होती. बाबांना आवाज आला म्हणजे आवाज आहे. आपल्याला आला नाही तर आपला कान कच्चा. मी लहान असताना ते मला पंख्याखाली उभं करून विचारायचे, काही येतंय का? मला काही यायचं नाही, पण मी मान हलवायचे. त्यांचा चेहरा उजळायचा. आईही तेच करायची. आमच्या घरात देवाला कोणी फारसं मानत नसे, त्या कानाला मानत.

मग कारखान्यात परदेशी कंपनीची भागीदारी आली, आणि तिच्यापाठोपाठ काचेच्या खोलीत बसवलेलं, आवाज मोजणारं यंत्र. वडिलांनी व्हीआरएस घेतली. घेतली म्हणजे घ्यावी लागली. यंत्र कसं आहे असं कोणी विचारलं की म्हणायचे, "छान आहे. त्याला चहाची सुट्टी लागत नाही." यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत. आलेल्या पैशातून त्यांनी एक जुनी गाडी घेतली, पांढरी, चार दारांची, आणि रोज सकाळी तिला घेऊन सिंहगड रस्त्याला चक्कर मारायला लागले. गाडी हे निमित्त होतं. त्यांना बसून सतार ऐकायची होती. घरात कुकर, फोन, टीव्ही, शेजाऱ्यांची कुत्री, यांतलं काही ना काही चालू असायचं, आणि एकदा ऐकू आलेलं त्यांना न ऐकल्यासारखं करता येत नसे.

गाडीतला जुना कॅसेटचा टेप एका पावसाळ्यात कॅसेटी खायला लागला. रेडिओवरून वीस वर्षं रेकॉर्ड केलेल्या सतारीच्या कॅसेटी, एकेक करून. तिसरी कॅसेट आतून शेवयांसारखी बाहेर आली तेव्हा वडील रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून नुसते बसून राहिले, असं आई सांगायची. मग मी म्हटलं, आता पुरे. आपण सीडीचा टेप घेऊ.

नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची जी गल्ली आहे तिथे एका दुकानात घेतला. दुकानदार पन्नाशीचा, चष्मा कपाळावर सरकवलेला, कमी बोलणारा माणूस. स्वतःच डॅशबोर्ड उघडून, स्वतःच आडवा पडून वायरी जोडायचा. बसवून झाल्यावर म्हणाला, "काका, वाजवा." वडिलांनी मी ऑफिसात बनवलेली सीडी घातली. पडद्यावर निळ्या दिव्यात एक मासा उडी मारून गेला आणि मग सतार सुरू झाली. वडील डोळे मिटून ऐकत होते. दुकानदार मान खाली घालून पक्कड पुसत होता, पण त्याचं लक्ष वडिलांकडे होतं हे मला दिसत होतं. "स्वच्छ आहे," वडील म्हणाले. "खालचे सूर जरा अंगावर येतात. ते कमी होतील का?" दुकानदाराने एक बटण दाबलं. वडिलांनी मान डोलावली. तेवढी पावती त्या माणसाला पुरली असावी.

तर पहिल्या दिवशी सगळं स्वच्छ होतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

टेपचे नखरे होते, नाही असं नाही. गाडी सुरू केली की आधी तो मासा उडी मारायचा, मग इंग्रजीत नमस्कार यायचा, आणि त्यानंतरच आवाज. खड्ड्यात चाक गेलं की सतार एका सुरावर अडकायची आणि पुढच्या खड्ड्यात सुटायची. आणि गाडी बंद केली की तो सगळं विसरायचा. घड्याळ बाराला, आवाज मध्यावर, सगळं पहिल्यासारखं. दुकानदाराने सांगितलं, बॅटरीची थेट वायर लूज राहिलीय, आणि ती नीट जोडून दिली. त्या दिवसापासून टेपला सगळं लक्षात राहायला लागलं. कोणी काय फिरवलं, किती फिरवलं, सगळं. आज वाटतं, ती वायर लूज असती तर निदान मला ते आकडे दिसले नसते. आणि दिसूनही मी काही केलं नाही हे आज म्हणावं लागलं नसतं.

दोनेक महिन्यांनी वडील एका रविवारी जेवताना म्हणाले, "टेपमध्ये शिट्टी आहे."

"कसली?"

"बारीक. एका सुरात. सतार थांबली की कळते."

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, अर्थिंगचा प्रश्न असेल, गाडी चार्ज होताना करंट टेपमध्ये शिरतो, मग शिट्टी येते. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते, सोडला की कमी होते. घेऊन या. आम्ही घेऊन गेलो. त्याने एक छोटी डबी वायरीत बसवली आणि अर्थिंग नव्याने केलं. वडिलांनी ऐकलं. म्हणाले, "आहे अजून." दुकानदाराने विचारलं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते का? वडील म्हणाले, नाही, सारखीच राहते. दुकानदाराने इंजिन बंद केलं. "आता?" "आहे." त्याने टेप बंद केला. "आता?"

वडिलांनी डोळे मिटले. "आहे. आत करंट असेल ना."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि वडिलांकडे बघितलं. मला तेव्हा त्या बघण्याचा रागच आला.

घरी येताना वडिलांनी मला विचारलं, "तुला येते का गं?" आणि मी पंख्याखालच्या जुन्या सवयीने मान हलवली. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "बारीक येते खरी." संपलं. शिट्टी घरात नांदायला आली. त्यानंतर पाहुणे आले तरी आम्ही सांगायचो, टेप नवा आहे, पण शिट्टीवाला निघाला.

आकडे मला कधी दिसायला लागले ते नीट सांगता येत नाही. शनिवारी भाजी आणायला मी गाडी न्यायचे. टेपला डावी-उजवी बाजू कमी-जास्त करायची सोय होती, ती फिरवली की पडद्यावर आकडा यायचा. एका शनिवारी माझ्या लक्षात आलं, आवाज डावीकडे झुकलाय. बघितलं तर डावीकडे दोन. मी शून्यावर आणला. पुढच्या शनिवारी पुन्हा दोन. मग तीन. वडिलांना विचारलं तर म्हणाले, "डावा स्पीकर कमकुवत आहे. सतार उजवीकडेच येते सगळी." आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने डाव्या दाराचा स्पीकर काढला, उजव्या दारात लावला, उजवा डावीकडे लावला. वडील म्हणाले, डावीकडेच कमी आहे. तेव्हा दुकानदाराने डावीकडे नवाकोरा स्पीकर बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात आकडा पाचावर गेला.

माझं काम चुका शोधायचं होतं. स्पीकर अदलाबदल करूनही दोष त्याच बाजूला राहतो, म्हणजे दोष स्पीकरमध्ये नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला ऑफिसात कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण तो कान वडिलांचा होता. यंत्राने त्याला घरी बसवला होता, आणि आता एक टेपवाला त्याला खोटा पाडायला बघत होता. माझं डोकं तिथेच फिरलं होतं.

तिसऱ्या खेपेला मी रजा घेऊन वडिलांबरोबर गेले. सकाळचे अकरा वाजले होते, गल्लीत गिऱ्हाईक बरंच होतं. मी गाडीतून उतरतानाच आवाज चढवला. "हे बघा, हा सेट खराब आहे. बदलून द्या. आम्ही काय रोज तुमच्या दारात यायचं का?"

दुकानदार म्हणाला, "मॅडम, सेट मी तपासलाय. बेंचवर दोन दिवस वाजवलाय. शिट्टी नाही."

"तुम्हाला येत नसेल."

"शक्य आहे." मग तो माझ्यापासून वळला आणि वडिलांना म्हणाला, अगदी हळू, "काका, राग मानू नका. माझ्या भावाला असंच व्हायचं. एकदा कान दाखवून घ्या. वेळ जात नाही त्यात."

ते त्याच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हे मला आत्ता आठवतं. तेव्हा मी बघितलंच नाही. मी सुटले. "माणसाची लाज बाळगा जरा! तीस वर्षं या माणसाने कानाने गिअर पास केलेत. तुमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्या कानाखालून गेल्यात. यांचा कान काढता? स्वतःचा माल खराब निघाला की गिऱ्हाइकाला दवाखान्यात पाठवायचं, ही बरी पद्धत आहे!" असं बरंच. शेजारच्या दुकानातली माणसं काम थांबवून ऐकायला लागली. मला चेव आला.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "मॅडम, तुम्हाला स्वतःला येते शिट्टी?"

मी वडिलांकडे बघितलं. तेही माझ्याकडे बघत होते. नुसते बघत नव्हते, वाट बघत होते. मला वाटलं, मी त्यांची बाजू घेते का हे बघतायत.

"येते," मी म्हटलं. "चांगली स्पष्ट येते. आणि मी काही म्हातारी नाही."

वडिलांनी सुस्कारा सोडला. खांदे खाली आले त्यांचे. दुकानदाराने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "मग झालं. गाडी तुमची, कान तुमचे." आणि त्याने फळीवरून नवा खोका काढला. त्याच कंपनीचा, तोच मासा. कॅसेटच्या टेपच्या जागी आलेल्या टेपच्या बदल्यात आलेला टेप. परत येताना मी लक्ष्मी रोडवर गाडी थांबवायला लावून वडिलांना उसाचा रस पाजला. जिंकले होते ना मी!

नव्या टेपमध्ये शिट्टी होतीच. पण आता वडील तक्रार करत नव्हते. म्हणायचे, या कंपनीचा मालच तसा दिसतो. चालायचंच.

त्यानंतरचं वर्ष मला नीट सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. वडील फोन उजव्या कानाला लावायला लागले. बोलताना मान किंचित डावीकडे वळवून, उजवी बाजू पुढे करून ऐकायला लागले. आई म्हणाली, रुबाब आलाय. दाढी करताना डाव्या गालावर कापलं आणि रक्त शर्टावर आलं तरी त्यांना पत्ता नव्हता. चहा पिताना डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून थेंब ओघळायचा आणि आई पदराने पुसायला गेली की चिडायचे. जिन्यात एकदा त्यांनी कठडा धरला आणि तसेच उभे राहिले. "काय झालं?" "काही नाही, जिना हलला." आमची इमारत जुनी होती. आम्ही इमारतीला नावं ठेवली.

गाडीचा डावा आरसा दोनदा तुटला. एकदा कर्वे पुतळ्याच्या चौकात डावीकडून एक मोटरसायकलवाला जीव तोडून हॉर्न देत होता, आणि वडील शांतपणे त्याच्यावर गाडी घालत होते. मी शेजारी बसले होते. मी स्टीअरिंग ओढलं. तो पोरगा वाचला आणि त्याने खिडकीपाशी येऊन आमच्या कुळाचा उद्धार केला. वडील गोंधळून मला विचारत होते, "कोण ओरडतंय? कुठून आला हा?" मी त्या पोरालाच झापलं. डावीकडून घुसता, वर तोंड करून बोलता!

तेवढं मात्र झालं, की त्या दिवशी घरी आल्यावर मी एकटीच गाडीत परत जाऊन बसले. किल्ली फिरवली, मासा उडी मारून गेला, सतार लागली. सगळा आवाज डाव्या दारातून येत होता. माझ्या उजवीकडच्या स्पीकरला मी कान लावला. काहीच नाही, मेलेला. बटण फिरवलं तर पडद्यावर डावीकडे नऊ. त्याच्या पुढे आकडाच नव्हता. मला भीती वाटली. मी तो शून्यावर आणला, सतार थांबल्यावर कान देऊन ऐकलं. शिट्टी नव्हती. कधीच नव्हती. मी तिथे बराच वेळ बसले होते आणि मला सगळं कळलं होतं. मग वर गेले आणि काही बोलले नाही. काय बोलणार होते? दुकानातल्या दहा माणसांसमोर ज्याच्यासाठी भांडले, तो कान खराब आहे असं त्यांना सांगू? सोमवारी सांगू म्हटलं. मग पुढच्या आठवड्यात. ऑफिसात नव्या प्रोग्रॅमची रिलीज होती. कारणं काय, मिळतातच. चार महिने गेले.

शेवटी फोननेच सांगितलं. एका दुपारी मी ऑफिसातून घरी फोन केला. आईने उचलला, बाबांना देते म्हणाली, आणि तिने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला तो नेमका डाव्या बाजूने. ते पेपर वाचत होते, त्यांनी तसाच डाव्या कानाला लावला. मी म्हटलं, बाबा. बाबा, मी बोलतेय. अहो बाबा! माझ्या क्युबिकलच्या आजूबाजूची चार डोकी वर आली. पलीकडे वडील म्हणाले, "कोणी नाही गं. लागलाच नाही वाटतं," आणि त्यांनी फोन ठेवला.

मी तशीच उठून घरी आले आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. चौथ्या दिवशी एमआरआय झाला. गाठ लिंबाएवढी झाली होती. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि विचारलं, "कधीपासून कमी ऐकू येतंय?" आई म्हणाली, कमी असं नाही, टेपमध्ये शिट्टी यायची. डॉक्टर म्हणाले, ती याचीच. दीड वर्षापूर्वी आला असतात तर लहान असती, चेहऱ्याची नस सांभाळता आली असती. आता काही सांगता येत नाही. कान तर गेलाच आहे. मेंदूवर दाब येतोय, थांबून चालणार नाही.

ऑपरेशन झालं, वडील त्यातून वाचले, त्यांचा चेहरा डावीकडून उतरला तो कायमचाच. ते सगळं पुढचं. मला सांगायचंय ते आदल्या दिवशीचं.

दुपारी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. वडील पलंगावर बसले होते, केस भादरलेले, अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा. मी उजवीकडे खुर्चीत, म्हणजे त्यांना ऐकू यावं. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि परत दिला. म्हणाले, "सही करतो. पण आधी हिचा फोटो काढा डोक्याचा. उद्या हिचा काढा, माझं परवा करा."

नर्सला काही कळेना. "कोणाचा, काका?"

"हिचा. माझ्या मुलीचा. हिलाही शिट्टी ऐकू येते. माझ्याएवढीच स्पष्ट. दीड वर्ष झालं." मग माझ्याकडे वळले. "घराण्यात असतं का हे, विचार डॉक्टरांना. मला रात्रंदिवस तीच काळजी लागलीय. तू तरणी आहेस, तुझी लहान असेल, लगेच निघेल."

मी म्हटलं, "बाबा, मला काही झालेलं नाही. तुम्ही सही करा."

"मलाही काही झालेलं नव्हतं."

"आईलाही येते म्हणाली होती. तिचं नाही काही."

"ती माझं मन राखायला म्हणते. मला काय माहीत नाही का? पंख्याखाली तूही मान हलवायचीस लहानपणी, तेही माहीत आहे." ते हसले. त्यांचं हसू तेव्हाच वाकडं झालं होतं. "पण तू आता तशी नाहीस. तू बापालाही तोंडावर सांगतेस. टेपवाल्याने विचारलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. म्हटलं, ही नाही म्हणाली तर नाही."

नर्स कागद धरून उभी होती. डॉक्टरांनी थांबून चालणार नाही म्हणून सांगितलं होतं.

"बाबा, मला कधीच ऐकू आली नाही. मी खोटं बोलले."

त्यांनी नीट ऐकलं. उजवी बाजू पुढे करून, त्या नव्या सवयीने. मग म्हणाले, "कधीच नाही?"

"नाही."

मग ते बोलायला लागले, अगदी सरळ आवाजात, एखादी कामाची पद्धत समजावून द्यावी तसे. "आमच्याकडे एका माणसाच्या कानावर माल नापास होत नसे. दुसऱ्याला बोलवायचं. दोघांनाही आवाज आला तर गिअर खराब. एकालाच आला, तर त्या माणसाला दवाखान्यात पाठवायचे, कान तपासायला. मीही एकदा जाऊन आलो होतो. त्यात लाज नसते. पद्धत आहे ती. मी कर्वे रोडच्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. दुकानात गेलो ना आपण, त्याच संध्याकाळची. तू म्हणालीस, येते. घरी येऊन फोन केला आणि रद्द केली."



त्यांनी नर्सपुढे हात केला, पेन घेतलं, विचारलं, "कुठे करायची?" आणि सही केली. चष्मा काढून घडी घालून टेबलावर ठेवला. मग ते आडवे झाले आणि उजव्या कुशीवर वळले, माझ्याकडे तोंड करून, डोळे मिटून. चांगला कान उशीत गेला. निकामी कान वर राहिला.

मी खुर्ची पुढे ओढली आणि त्या कानाशी वाकून बोलत राहिले. सगळं सांगितलं, मोटरसायकलवाल्यानंतर गाडीत एकटी बसले होते तेही, चार महिन्यांचंही. नर्स जाता जाता हळूच म्हणाली, "ताई, त्या बाजूने त्यांना ऐकू येत नाही हो."

"माहीत आहे," मी म्हटलं.